ब्रॅकिलॅगस : अर्धा किलोही न भरणारा ससा

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील निमओसाड प्रदेशात राहणारा पिग्मी रॅबिट हा जगातील सर्वांत लहान ससा मानला जातो. पूर्ण वाढ झालेल्या सशाची लांबी सुमारे २३ ते ३० सेंटिमीटर आणि वजन ४०० ग्रॅमच्या आसपास असते. ब्रॅकिलॅगस प्रजातीतील ही आज हयात असलेली एकमेव जाती होय. ग्रीक भाषेत ब्रॅकिस म्हणजे आखूड आणि लॅगोस म्हणजे ससा.

या सशाचे शास्त्रीय वर्णन १८९१ मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ मेरियम यांनी केले. त्यांनी त्याला लेपस प्रजातीत स्थान दिले. महाराष्ट्राच्या माळरानावर दिसणारा ससाही याच प्रजातीतला. मात्र तो बिळे खोदत नाही आणि त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पिग्मी रॅबिट स्वतः बीळ खोदतो. १९०० मध्ये मिलर यांनी ब्रॅकिलॅगस हे नाव दिले व १९०४ मध्ये लायन यांनी त्याला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. नंतर काही अभ्यासकांनी या सशाचा समावेश कॉटनटेल सशांच्या सिल्व्हिलॅगस प्रजातीत केला. तथापि कॉटनटेलसारखी पांढरी शेपटी त्याला नसते. दात, कवटी आणि गुणसूत्रे यांच्या अभ्यासातून त्याचे वेगळेपण आता मान्य झाले आहे.

त्याचे जीवन सेजब्रश या झुडपाशी बांधलेले आहे. आपल्याकडील दवण्याच्याच प्रजातीतील ही वनस्पती हिवाळ्यात त्याचा जवळजवळ संपूर्ण आहार असते आणि वर्षभर त्याला आडोसाही देते. शेती, चराई आणि वणवे यांमुळे सेजब्रशची राने तुटक होत गेली, तसा हा ससाही आक्रसत गेला.

वॉशिंग्टन राज्यातील कोलंबिया खोऱ्यात इतरांपासून दीर्घकाळ अलग पडलेला त्यांचा एक गट होता. २००१ मध्ये त्यातील १६ ससे पकडून बंदिस्त पैदास सुरू झाली. आप्तसंकरामुळे वीण खालावली, तेव्हा आयडाहोतील सशांशी संकर करावा लागला. या गटातील शेवटची शुद्ध वंशाची मादी २००८ मध्ये मरण पावली. २०११ पासून संकरित ससे पुन्हा त्या रानात सोडण्यात येऊ लागले. त्यांच्या रक्तात जुन्या गटाचा अंश आहे. तो मूळ गट मात्र आता पृथ्वीवर नाही.