वॉरंटी संपली म्हणजे नेमकं काय संपलं?

सोळाशे तीन साली लंडनच्या एका सोनाराने एक खडा शंभर पौंडांना विकला. हा जहरमोहरा आहे, असं तो म्हणाला. जहरमोहरा म्हणजे बकरीसारख्या प्राण्याच्या पोटात तयार होणारा खडा. त्याने कुठलंही विष उतरतं, अशी तेव्हा जगभर समजूत होती. इंग्रजीतला 'बेझोअर' हा शब्दसुद्धा विषावरचा उतारा अशा अर्थाच्या फारसी शब्दावरूनच आला आहे. तेव्हाचे शंभर पौंड म्हणजे अफाट रक्कम. पुढे कळलं की खडा जहरमोहरा नव्हताच. गिऱ्हाईक कोर्टात गेलं, खालच्या कोर्टात जिंकलं, आणि वरच्या कोर्टात हरलं.

हरण्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. सोनाराने 'हा जहरमोहरा आहे' एवढंच म्हटलं होतं, 'तो जहरमोहरा असल्याची मी हमी देतो' असं म्हटलं नव्हतं. नुसतं सांगणं वेगळं आणि वॉरंट करणं वेगळं. हमीचा शब्द उच्चारला नाही, तर घेणाऱ्याने आपलं आपण पाहून घ्यावं. 'चँडेलर विरुद्ध लोपस' या नावाने हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. मी इंजिनिअरिंगचा माणूस, त्यामुळे मला तो वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी भेटला, आणि तोही एका बंद पडलेल्या लॅपटॉपमुळे.

लॅपटॉपची कहाणी दोन ओळींची आहे. एक लाख बत्तीस हजारांचं मशीन, वॉरंटी एक वर्षाची, आणि चौदाव्या महिन्यात एका सकाळी ते चालूच झालं नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने ते उघडायच्या आधी सीरियल नंबर टाकला आणि म्हणाला, "सर, आउट ऑफ वॉरंटी दाखवतंय. मदरबोर्ड बदलावा लागेल, अडुसष्ट हजार." कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. तुमच्यापैकी अनेकांनी हे वाक्य वेगवेगळ्या काउंटरवर ऐकलं असेल. मला त्यातला 'आउट' हा शब्द खटकला. वॉरंटीच्या बाहेर गेलो म्हणजे आपण कायद्याच्याही बाहेर गेलो का?

तर नाही. पण हे 'नाही' कुठून आलं, हे समजायला पुन्हा इंग्लंडला जावं लागतं.

सोनाराच्या खटल्यानंतर दोनशे वर्षं 'घेणाऱ्याने पाहून घ्यावं' हाच नियम चालला. आठवडी बाजारात तो ठीकच होता. म्हशीचे दात मोजता येतात, धान्य मुठीत घेऊन फुंकर मारता येते. पण माल समुद्रापलीकडून, न बघता यायला लागला तेव्हा हे तत्त्व लंगडं पडलं. 1815 साली टाकाऊ रेशमाच्या गठ्ठ्यांचा एक खटला लॉर्ड एलनबरो यांच्यासमोर आला. माल आधी तपासायची संधीच घेणाऱ्याला मिळाली नव्हती. न्यायमूर्तींच्या म्हणण्याचा आशय असा : उकिरड्यावर टाकण्यासाठी कोणी माल विकत घेत नाही, तेव्हा ज्या नावाने माल विकला त्या नावाने तो बाजारात चालेल इतपत तरी असलाच पाहिजे. कोणी बोलून दाखवो वा न दाखवो. म्हणजे ज्या हमीसाठी दोनशे वर्षांपूर्वी तो खास शब्द उच्चारावा लागत होता, ती आता न बोलताही विक्रीत गृहीत धरली जाऊ लागली. हीच गर्भित हमी.

1893 मध्ये इंग्लंडने हे सगळं एका कायद्यात बांधलं. आपल्याकडे 1872 च्या करार कायद्यात मालविक्रीचं एक प्रकरण होतं. ते काढून इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर 1930 साली वेगळा मालविक्री कायदा केला. तो अजून लागू आहे. त्याचं कलम 16 वाचताना मजा येते. पहिल्याच वाक्यात ते म्हणतं की दर्जाबद्दल कोणतीही गर्भित हमी नाही, आणि मग 'पुढील बाबी सोडून' म्हणत अपवाद सांगतं. त्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून तुम्ही वर्णनावरून माल घेतला, तर तो विकण्यायोग्य दर्जाचा असलाच पाहिजे. कोड लिहिणाऱ्याला ही शैली ओळखीची वाटेल : डीफॉल्ट 'फॉल्स', आणि खाली इतके 'इफ' की रोजच्या वापरात उत्तर 'ट्रू'च येतं.

या कलमात बारा महिने नाहीत. एक वर्ष हा आकडा कायद्याने दिलेला नाही, तो कंपनीने दिला आहे. लॅपटॉपबरोबर येतं ते वॉरंटी कार्ड म्हणजे कंपनीने स्वतःहून दिलेलं वेगळं वचन. ते संपलं की ते वचन संपतं. कलम 16 त्यासोबत संपत नाही.

मग ही छापील वॉरंटी आली कशाला? आपल्या भल्यासाठी, असं आपण समजतो. 1955 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत हेनिंगसेन दांपत्याने नवी प्लिमथ गाडी घेतली. दहा दिवसांत, 468 मैल चालल्यावर, स्टिअरिंगने दगा दिला आणि गाडी विटांच्या भिंतीवर आदळली. बाई गाडी चालवत होत्या, त्या जखमी झाल्या. कंपनीने करारामागचा बारीक मजकूर पुढे केला : 90 दिवस किंवा 4000 मैल यांपैकी आधी जे होईल तोवर खराब सुटा भाग बदलून देऊ, आणि ही हमी इतर सर्व हमींच्या, बोललेल्या आणि गर्भित, बदल्यात आहे. खरी गोम या 'बदल्यात'मध्ये आहे. कागद देतो म्हणून दिसत होता एक सुटा भाग, आणि काढून घेत होता कायद्याने आधीच दिलेलं सगळं. शिवाय सगळ्या मोठ्या मोटार कंपन्या एकच नमुना वापरत होत्या, त्यामुळे 'पटत नसेल तर दुसरीकडे जा' म्हणायलाही जागा नव्हती. 1960 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्दबातल ठरवलं.

तुमच्या लॅपटॉपचं वॉरंटी कार्ड शोधा. 'इतर सर्व हमींच्या बदल्यात' या धर्तीचं वाक्य त्यात बहुधा सापडेल. आणि अडचण अशी की आपल्या 1930 च्या कायद्याचं कलम 62 म्हणतं, दोघांनी स्पष्ट करार केला तर गर्भित हक्क बाजूला ठेवता येतात. इंग्लंडनेही अशी खिडकी ठेवली होती, पण 1973 मध्ये सामान्य ग्राहकाच्या खरेदीपुरती ती बंद केली. आपली अजून किलकिली आहे.

आता थोडं माझ्या धंद्याचं. जुलै 2008 मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या काही जुन्या ग्राफिक्स चिप नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडत आहेत, आणि त्यासाठी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढले. चिप खालच्या पट्टीवर सोल्डरच्या शेकडो बारीक टिकल्यांनी बसवलेली असते. लॅपटॉप तापला की सिलिकॉन एका प्रमाणात फुगतं, पट्टी दुसऱ्या. बंद केला की दोन्ही आकसतात. हा ताण दर वेळी त्या टिकल्यांवर येतो. टिकल्यांचा धातू आणि त्यांच्याभोवती भरलेला डिंकासारखा पदार्थ यांचा मेळ चुकला, तर त्यात केसाएवढ्या चिरा पडतात आणि वाढत जातात. शेकडो वेळा तापून-थंड होऊन एक दिवस जोड तुटतो आणि स्क्रीन काळी होते.

म्हणजे दोष पहिल्या दिवसापासून आत होता. दिसायला वेळ लागला, इतकंच. अशा दोषाला वॉरंटीची तारीख लावणं म्हणजे पाया कच्चा असलेल्या इमारतीला 'पहिल्या पावसापर्यंत जबाबदारी आमची' म्हणण्यासारखं आहे. अमेरिकेत सामूहिक दावा झाला, 2010 मध्ये तडजोड झाली. ॲपलचा 2015 सालचा बटरफ्लाय कीबोर्डही याच जातीचा : धुळीच्या कणाने बटण अडकायचं. 2018 मध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षं मोफत दुरुस्तीची योजना आणली, आणि 2022 मध्ये 5 कोटी डॉलरच्या तडजोडीला मान्यता दिली. पैसे मात्र अमेरिकेतल्या सात राज्यांतल्या ग्राहकांनाच. पुण्या-मुंबईत तोच कीबोर्ड बडवणाऱ्यांना नाही.

युरोपने हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. 1999 च्या निर्देशानुसार विक्रेत्यावर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी आली, कार्डावर काहीही छापलेलं असो. शिवाय पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो सुरुवातीपासून होता असं मानायचं. नव्हता, हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. 2019 च्या नव्या निर्देशाने ही मुदत किमान एक वर्ष केली. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने 2011 च्या अखेरीस ॲपलला 9 लाख युरोंचा दंड केला. कारण, दोन वर्षांचा हा फुकटचा हक्क नीट न सांगता वाढीव वॉरंटी विकली जात होती. मला तर वाढीव वॉरंटी हाच ग्राहकाच्या बाजूचा पुरावा वाटतो. काही हजारांत तीन वर्षांची हमी विकताना कंपनीने हिशेब केलेला असतो की बहुतेक मशीन तीन वर्षं चालतील. मग चौदाव्या महिन्यात मेलेलं मशीन नॉर्मल कसं?

आपल्याकडे कलम 16 छप्पन्न वर्षं कागदावर होतं, पण त्यासाठी दिवाणी कोर्टात जायचं म्हणजे कोर्ट फी, वकील, आणि तारखा. मिक्सरसाठी कोण जाणार? हे चित्र बदलण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. 1966 मध्ये मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. घाऊक बाजारातून एकत्र खरेदी करून घरोघरीच्या गटांना वाणसामान वाटणं, हे तिचं मूळ काम. माझ्या पिढीला 'ग्राहक चळवळ' म्हटलं की ट्विटरवर कंपनीला टॅग करणं आठवतं. या लोकांनी तूरडाळ मोजण्यापासून सुरुवात केली होती.

1985 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, आणि 24 डिसेंबर 1986 रोजी आपल्या ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. वकील सक्तीचा नाही, सुरुवातीला फीसुद्धा नाही. त्यातली 'दोषा'ची व्याख्या 2019 च्या नव्या कायद्यातही जवळपास तशीच आहे : गुणवत्ता, क्षमता, दर्जा यांतली अशी उणीव, जो दर्जा कायद्याने किंवा करारानुसार, तो स्पष्ट असो वा गर्भित, राखणं आवश्यक आहे. 'गर्भित' हा शब्द वाचला तेव्हा मला लॉर्ड एलनबरोंचा उकिरडा आठवला.

2019 च्या कायद्याने काही गोष्टी खरंच सोप्या केल्या. पूर्वी सामनेवाल्याचं कार्यालय असेल किंवा कारण घडलं असेल तिथे जावं लागे. आता तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षं, आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात, बिलाच्या तारखेपासून मोजायची असं कायदा म्हणत नाही.

पण फटीही आहेत. नव्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' असं भारदस्त प्रकरण आहे. मी उत्साहाने वाचायला घेतलं, आणि 'हानी'च्या व्याख्येत अडकलो : खुद्द वस्तूचं झालेलं नुकसान हानीत धरलेलं नाही. लॅपटॉपने पेट घेतला आणि पलंग जळला तर हे प्रकरण तुमचं. लॅपटॉप गपचूप मेला तर नाही. दुसरी फट : 'अन्यायकारक करार' ही नवी संकल्पना आली, 'बदल्यात'वाल्या वाक्यावर ती नेमकी चालली असती. पण करारातलं कलम रद्द करण्याचा अधिकार राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. आणि तिसरी, सगळ्यात जड : युरोपसारखं गृहीतक आपल्याकडे नाही. दोष सुरुवातीपासून होता हे ग्राहकाने दाखवायचं. कलम 38 नुसार गरज असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवतो, तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरायची.

म्हणून माझ्या बाबतीत सगळ्यात उपयोगी माणूस वकील ठरला नाही. तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरला आणि चार्जिंगची चिप शॉर्ट झाल्याचं दाखवलं. "या मॉडेलचे महिन्याला चार-पाच येतात बघ," ते म्हणाले. चिप बदलायला तीन हजार पुरले असते, पण ती सुटी मिळत नाही, आणि बोर्डाचा नकाशा कंपनी बाहेर देत नाही. जुना बोर्ड सापडला तर त्यावरची काढून लावू, असं ते म्हणाले. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 ला 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं आहे, पण पोर्टलवर माहिती देणं आणि सुटा भाग विकायला भाग पाडणं यांत फरक आहे.

मी बोर्ड दुरुस्त करायला दिला नाही. हात लावला की पुरावा गेला. काकांकडून चिपचे फोटो आणि लेटरहेडवर चार ओळी लिहून घेतल्या, सर्व्हिस सेंटरचं अडुसष्ट हजारांचं अंदाजपत्रक जोडलं, आणि कंपनीला नोटीस पाठवली. उत्तरात वॉरंटीची शेवटची तारीख ठळक अक्षरात होती, चिपबद्दल एक अक्षरही नव्हतं. तक्रार आता पुण्याच्या जिल्हा आयोगात दाखल आहे. प्रयोगशाळेच्या तपासणीची मागणी मी पहिल्याच अर्जात केली आहे. लॅपटॉप बबल रॅपमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलाय, आणि आई साफसफाईला येते तेव्हा तिला दर वेळी सांगावं लागतं की हे भंगारात द्यायचं नाही.