फूल की दोन पानं?

परवा मामेभावाशी फोनवर बोलताना आजोबांचा विषय निघाला. आणि आजोबांचा विषय निघाला की गाडी 1967 सालावर येऊन थांबतेच! आमचं आजोळ पेडण्याचं. आजोबा कट्टर विलीनीकरणवादी. गोवा महाराष्ट्रात गेला नाही, याची खंत त्यांनी शेवटपर्यंत बाळगली. "आपल्याच माणसांनी घात केला," असं म्हणायचे. ही 'आपली माणसं' कोण, हे मात्र लहानपणी कधी कळलं नाही.

आता थोडं वाचल्यावर कळतंय.

16 जानेवारी 1967. पोर्तुगीज जाऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं, हे लोकांनाच विचारलं गेलं. विधानसभेत बहुमत मगोचं, म्हणजे विलीनीकरणवाल्यांचं. तिथे ठराव झाला असता तर निकाल आधीच ठरलेला होता. म्हणून युनायटेड गोवन्सचे जॅक सिक्वेरा थेट जनमत घ्या म्हणून अडून बसले. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं.

मतदार होते 3,88,432. त्यातले 3,17,633 बाहेर पडले. जवळजवळ 82 टक्के! फुलाला 1,38,170 मतं, पानांना 1,72,191. फरक 34,021. म्हणजे साधारण सतरा हजार माणसांचा हात दुसऱ्या चित्राकडे गेला असता, तर आज माझ्या मामाच्या पत्त्यात 'महाराष्ट्र' असतं. (आणि सात हजारांवर मतं बाद झाली, ती वेगळीच.)

हे सगळं 'ख्रिश्चनांनी केलं' असं आमच्याकडे सर्रास ऐकू यायचं. सासष्टीत पानांची लाट होती हे खरं, आणि पेडणे फुलाच्या बाजूला होतं हेही खरं. पण हिशोब जुळत नाही. गोव्यात तेव्हा ख्रिश्चन चाळीस टक्क्यांहून कमी होते, आणि पानांना मिळाली चोपन्न टक्के मतं. म्हणजे पुष्कळ हिंदूंनीही पानं निवडली. आजोबांची 'आपली माणसं' ती हीच असणार.

गंमत पुढे आहे. दोनच महिन्यांनी, मार्च 1967 मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, आणि 30 पैकी 16 जागा घेऊन मगोच परत आला! जानेवारीत पक्षाचा मुख्य मुद्दा नाकारणाऱ्या गोव्याने मार्चमध्ये त्याच पक्षाला सत्ता दिली, आणि भाऊसाहेब 1973 साली जाईपर्यंत मुख्यमंत्री राहिले.

मला वाटतं, लोकांनी दोन प्रश्न अगदी नीट वेगळे केले होते. भाऊ म्हणजे कुळ कायदा, भाऊ म्हणजे गावात आलेली मराठी शाळा. बहुजन समाजाला पहिल्यांदाच 'आपला' वाटणारा माणूस खुर्चीत बसला होता. त्याला मत द्यायचं. पण मुंबईच्या सचिवालयातून आपलं गाव चालवायचं का? तिकडून आलेले अधिकारी लोकांनी पाहिले होते. महाराष्ट्रात दारूबंदी होती, तीही इकडे येईल ही धास्ती होती. (हसू नका, काजूच्या फेणीवर कितीतरी घरं चालत.) शिवाय वेगळं राहण्याचा हिरीरीने प्रचार करणारं 'राष्ट्रमत' हे दैनिकही मराठीच होतं! मराठी वाचणारा तो विलीनीकरणवाला, हे आजोबांचं समीकरण तिथेच मोडलं होतं. त्यांच्या घरी अर्थात 'गोमन्तक' यायचा. असो.

आता खरी गोष्ट. मामेभाऊ म्हणाला, आजी त्या दिवशी आजोबांबरोबरच मतदानाला गेली होती, नऊवारी नेसून, सणाला जावं तशी. पण तिची धाकटी बहीण मडगावला दिलेली, आणि त्या घरी सगळे पानवाले. संक्रांतीला, म्हणजे मतदानाच्या दोनच दिवस आधी, ती माहेरी येऊन गेली होती. आजोबांनी घरी आल्यावर विचारलं, "फुलावरच मारलास ना शिक्का?" आजी म्हणाली, "मत गुप्त असतं म्हणून तुम्हीच तर शिकवलंत," आणि चुलीकडे गेली.

आजोबांनी पुढे तीस वर्षं अधूनमधून विचारून पाहिलं म्हणे. मामा, तू हे वाचत असशील तर सांग, तुला तरी ती कधी काही बोलली होती का?