कंपनी कोण आणि धनी कोण?

छोट्या कारखानदाराला वकिलाचा पहिला सल्ला ठरलेला असतो : धंद्याची मर्यादित कंपनी करा, म्हणजे धंदा बुडाला तरी राहते घर वाचेल. सल्ला खरा आहे. परंतु तो कोणत्या भांडणातून पक्का झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हेही समजून घेतले पाहिजे.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात एरन सालोमन नावाचा बुटांचा कारखानदार होता. तीस वर्षे त्याने एकट्याच्या मालकीने धंदा केला. मुलगे वाटा मागू लागले, तेव्हा १८९२ साली त्याने तो धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. १८६२ च्या इंग्रजी कायद्याला सात सभासद लागत. त्याने बायको, मुलगी व चार मुलगे यांना एकेक भाग दिला आणि २०,००१ भाग आपल्याकडे ठेवले. शिवाय किमतीपैकी १०,००० पौंडांचे कर्जरोखे घेऊन कंपनीच्या मालमत्तेवर आपला बोजा चढविला. म्हणजे धनीही तोच आणि सावकारही तोच!

पुढे मंदी आली, बूट-धंद्यात संपामागून संप झाले आणि १८९३ मध्ये कंपनी मोडीत निघाली. मालमत्ता रोखेवाल्यांपुरतीच होती. विश्वासावर उधार माल देणाऱ्यांच्या वाट्याला काहीच उरत नव्हते. खालच्या दोन्ही न्यायालयांनी सालोमनविरुद्ध निकाल दिला. १६ नोव्हेंबर १८९६ रोजी लॉर्डसभेने तो फिरविला : रीतसर नोंदलेली कंपनी ही सभासदांहून निराळी व्यक्ती होय. तोवर सालोमन इतका निष्कांचन झाला होता, की हे अपील त्याला कंगाल पक्षकार म्हणून चालवावे लागले.

मग कंपनी निराळी व्यक्ती, तर तिने थकविलेला पगार मागायचा कोणाकडे? पुढच्याच वर्षी, १८९७ साली पार्लमेंटने कायदा करून थकलेले वेतन, ठराविक मर्यादेपर्यंत, तरता बोजा असलेल्या रोखेवाल्यांच्या पुढे आणले. आपल्याकडे मर्यादित जबाबदारी १८५७ मध्येच आली. कामगारांचे येणे तारणधारी सावकारांच्या बरोबरीस बसायला मात्र १९८५ ची दुरुस्ती यावी लागली. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने हा दर्जा मागील २४ महिन्यांच्या येण्यापुरता ठेवला. दरम्यान २०१३ च्या कायद्याने एकट्या माणसालाही कंपनी काढण्याची मुभा दिली. दुसरा सभासद शोधण्याचीही गरज संपली.

उधारीवर माल देणारा छोटा कारखानदार मात्र अजून रांगेत मागेच उभा आहे. म्हणून कंपनी जरूर काढा. परंतु दुसऱ्या कंपनीला माल देण्यापूर्वी तिच्यावर कोणाकोणाचे बोजे आहेत, ते निबंधकाच्या दप्तरात पाहा. २००६ च्या कायद्याखाली आपल्या लघुउद्योगाची नोंद करा आणि पैसे चुकते करण्याची त्यातली ४५ दिवसांची कमाल मुदत लेखी करारात घाला. आणि आपल्याच कंपनीवर अडचण आली, तर आधी कामगारांचा पगार भागवा. त्यांनीही महिनाभर राबून आपल्याला उधारीच दिलेली असते.