आधी टॅपेट, मग बिछाना

फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनच्या इंजिनात चार सिलिंडर, आणि त्यातला तिसरा बदनाम. पंख्याच्या पत्र्याच्या आवरणात नेमका त्याच्या डोक्यावर ऑइल कूलर उभा. हवेवर थंड होणाऱ्या या इंजिनात तिसऱ्याच्या वाट्याला गार हवा कमी यायची आणि सगळ्यात आधी जळायचा तो त्याचाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. १९७१च्या सुमारास कंपनीने कूलर बाजूला सरकवला, पण तोवर लाखो गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. या व्हॅनचा इतिहास फुलं रंगवलेल्या दारांवरून सांगायची पद्धत आहे. खरं तर तो या व्हॉल्व्हपासून सुरू करायला हवा.

गाडीची कल्पना मालवाहू. डच आयातदार बेन पॉन यांनी वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात बीटलच्या सांगाड्यावर बनवलेल्या सामान वाहायच्या सपाट गाड्या पाहिल्या आणि २३ एप्रिल १९४७ रोजी वहीत एका डब्याचं रेखाचित्र काढलं. इंजिन मागे, ड्रायव्हर पुढे, मध्ये ७५० किलो माल. मार्च १९५० मध्ये उत्पादन सुरू झालं तेव्हा इंजिन होतं ११३१ सीसीचं, ताकद २५ अश्वशक्ती. आजच्या बऱ्याच मोटारसायकली याहून दांडग्या असतात.

पुढच्याच वर्षी वीडेनब्र्युकच्या वेस्टफालिया कंपनीने ‘कॅम्पिंग बॉक्स’ आणला. आठवडाभर माल वाहायचा, शनिवारी कपाट-बिछान्याचा हा संच आत ठेवून कुटुंबाला फिरायला न्यायचं, सोमवारी तो पुन्हा उतरवायचा. सामान सुटं होतं तोवर खालचा पत्रा आणि यंत्र डोळ्यांसमोर राहत होतं. हळूहळू कपाटं जमिनीला बोल्टनं आवळली गेली, शेगडी आली, पाण्याची टाकी आली, आणि गाडीच्या पोटातलं सगळं झाकलं गेलं.

जुनी व्हॅन घेऊन तिचं घर करणाऱ्यांमध्ये ‘आधी यंत्र’ हा दंडक रुजला तो त्यामुळेच. फळ्या ठोकल्यावर सडलेला पत्रा दिसत नाही. क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबली, गिअरचा लांबलचक दांडा, ब्रेकची नळी हे सारं पुढून मागे जमिनीखालूनच जातं. १९६७ नंतरच्या, एकसंध काचेच्या गाडीत तर पेट्रोलची टाकी काढायची म्हटलं की आधी इंजिन उतरवावं लागतं. टाकीपासून निघणाऱ्या कापडी वेष्टनाच्या रबरी नळ्या कालांतराने तडकतात. पेट्रोल तापल्या इंजिनावर ठिबकलं की भडका, आणि क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असल्याने एकदा पेटलं की विझवणं कठीण. स्वस्तातली नळी बदलायचा आळस आणि सागवानी कपाटांवर खर्च, हा हिशेब काही पटणारा नाही.

ही कामं गॅरेजवाल्याकडून काढून मालकाच्या हाती दिली ती मुख्यतः एका पुस्तकाने. लॉकहीड या विमान कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सोडून न्यू मेक्सिकोत राहायला आलेल्या जॉन म्यूर यांनी १९६९ मध्ये ‘हाऊ टू कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह’ काढलं. पानं स्पायरलची, म्हणजे गाडीखाली उघडं ठेवता यावं. चित्रं पीटर अॅशवांडन यांची. ज्याने कधी पाना धरला नाही, त्याच्यासाठी ते लिहिलेलं.

त्यातलं मुख्य व्रत टॅपेट सेटिंगचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट जुळवण्याचं. इंजिन पूर्ण गार हवं, म्हणून काम सकाळी. पुलीवरची खाच क्रँककेसच्या जोडरेषेशी आणायची, पहिल्या सिलिंडरच्या टॅपेटमध्ये फीलर गेजची पट्टी सरकवायची. नंतरच्या इंजिनांत ही फट इंचाच्या सहा हजारांश भागाची. पट्टी किंचित अडून सरकली की बरोबर. मग पुली अर्धा फेरा उलटी, दुसरा सिलिंडर, असे चारही. जोडीला अडीच लिटर ऑइल बदलायचं आणि जाळी धुवायची, कारण ऑइलला फिल्टरच नाही. दर तीन हजार मैलांना हेच.

या स्वतःच्या हातच्या दुरुस्तीची कसोटी लागली ती इस्तंबूलहून तेहरान, काबूल, लाहोरमार्गे दिल्ली आणि पुढे गोव्याला येणाऱ्या परदेशी प्रवाशांच्या रस्त्यावर. हणजूणच्या किनाऱ्यावर पोचलेल्या व्हॅनला इथे सुटा भाग मिळणं दुरापास्त. फोक्सवॅगन तेव्हा भारतात बनत नव्हती आणि आयातीवर कडक बंधनं होती. (चाकणचा कारखाना आला २००९ मध्ये, या पाहुण्यांना फारच उशिरा.) बंद पडलेली गाडी टाकून विमानाने घरी जावं म्हटलं तरी पंचाईत. ‘कार्ने’ नावाच्या कागदावर ती बिनजकात देशात आलेली असे. ती बाहेर नेली नाही तर जकात मालकाच्या आणि हमी देणाऱ्या ऑटोमोबाइल क्लबच्या माथी. म्हणजे दुरुस्ती हौसेपुरती नव्हती, कायद्यानेच गळ्यात बांधलेली होती. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ताच बंद झाला.

गाडी मात्र ब्राझीलमध्ये डिसेंबर २०१३ पर्यंत बनत राहिली. एअरबॅग आणि एबीएसच्या सक्तीने ती थांबवली. २०२० मध्ये फोक्सवॅगनने जुन्या व्हॅनची विजेवर चालणारी आवृत्ती दाखवली, ‘ई-बुली’. ४५ किलोवॅट-तासांची बॅटरी तळात, मोटार ८३ अश्वशक्तीची. टॅपेटची कटकट संपली खरी. पण ही ताकद पेलायला पुढचे-मागचे अॅक्सल, स्टीअरिंग आणि चारही चाकांचे ब्रेक नव्याने बसवावे लागले.