विजेवर घातलेला आळ

पेट्रोलची गाडी देऊन इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांना वर्षभराने विचारा, जुन्या गाडीतलं काय आठवतं? उत्तरं साधारण तीच येतात. न बघता हाताला सापडणारा एसीचा नॉब. डिकीतली स्टेपनी. घाट उतरताना दुसऱ्या गिअरने धरून ठेवलेली गाडी. इंजिनाचा आवाज. पाच मिनिटांत भरणारी टाकी. कुणी रेडिओचंही नाव घेतं. या यादीवरून दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, ही नुसती सवयीची हळहळ आहे, दोन पावसाळे गेले की विरून जाईल. दुसरा म्हणतो, विजेची गाडी घ्यायची तर एवढं सोडावंच लागतं, म्हणून आपलं पेट्रोलच बरं. दोघे हिरिरीने भांडतात, पण दोघांनी एक गोष्ट न तपासताच मान्य केलेली आहे. जे गेलं ते विजेमुळे गेलं, ही ती गोष्ट.

मला ती अमान्य आहे. यादीतल्या बऱ्याचशा गोष्टी विजेने नेलेल्या नाहीत. त्या माणसांनी काढल्या आहेत. आराखड्याच्या टेबलावर, खर्चाचा हिशेब समोर ठेवून काढल्या आहेत. आळ विजेवर ठेवला की ज्यांनी निर्णय घेतला त्यांना कुणी जाब विचारत नाही. माझी तक्रार तिथे आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो पोकळ नाही. विजेची गाडी मुळातच वेगळी वस्तू आहे. तिला इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, मजल्याखाली सगळीकडे बॅटरी पसरलेली. त्या बॅटरीवर इतका पैसा जातो की बाकी ठिकाणी हात आखडावाच लागतो. आतला कारभार सगळा संगणकाचा, मग बटणांच्या जागी बोटाने चालवायचा पडदा ओघानेच आला. शिवाय गाडी बदलली आणि बटणं गेली, हा हजारो लोकांचा अनुभव आहे. अनुभव कसा नाकारणार?

अनुभव नाकारायचं कारणच नाही. तपासायचं आहे ते त्याच्यावरून ठरवलेलं कारण. आपल्या न्यायशास्त्राने त्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक अशी दुहेरी कसोटी दिली आहे. जिथे कारण तिथे कार्य दिसलं पाहिजे आणि जिथे कारण नाही तिथे कार्यही दिसता कामा नये. वीज हे कारण असेल, तर बटणं गेल्याची अडचण प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत सापडायला हवी आणि पेट्रोलच्या गाडीत ती नसायला हवी.

योगायोगाने ही परीक्षा प्रत्यक्षात झालेली आहे. स्वीडनमधल्या ‘वी बिलेगारे’ या मोटारींच्या मासिकाने २०२२ मध्ये अकरा नव्या गाड्या आणि २००५ सालची एक जुनी व्होल्वो व्ही७० एका धावपट्टीवर नेल्या. तासाला ११० किलोमीटर वेगाने जाताना चालकाने ठरलेली कामं करायची होती: आसन गरम करणं, तापमान दोन अंशांनी वाढवणं, रेडिओवर विशिष्ट केंद्र लावणं, प्रवासाची नोंद शून्यावर आणणं, अशी. चालकांना गाड्यांची ओळख करून घ्यायला आधी वेळही दिला होता. बटणांच्या जुन्या व्होल्वोत सगळं १० सेकंदांत उरकलं. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. एमजी मार्व्हल आर या इलेक्ट्रिक गाडीत ४४.९ सेकंद लागले आणि अंतर झालं १,३७२ मीटर. बातम्यांमधून हाच आकडा गाजला, आणि विजेच्या गाड्यांवरचा आरोप पक्का झाला.

पण तक्ता शेवटपर्यंत वाचावा. त्यातली व्होल्वो सी४० पूर्णपणे विजेवर चालणारी होती. तिला लागले १३.७ सेकंद. सिआट लिऑन इंजिनाची होती. तिला लागले २९.३. निसान कॅशकाई, तीही इंजिनाचीच, २५.१ सेकंदांवर होती, आणि फोक्सवॅगनची इलेक्ट्रिक आयडी.३ होती २५.७ वर, म्हणजे जवळजवळ बरोबरीत. वीज असून अडचण नाही, असं एक उदाहरण. वीज नसून अडचण आहे, अशी दोन. अन्वयही मोडला, व्यतिरेकही मोडला. अडचण पडद्याची आहे, आणि पडदा कुठल्याही गाडीत बसवता येतो.

मग दोन्ही एकत्र का दिसतात? कावळा बसला त्याच क्षणी ताडाचं फळ पडलं, याला आपण काकतालीय न्याय म्हणतो. गेल्या दहा-बारा वर्षांत कंपन्यांनी विजेसाठी गाड्या कोऱ्या कागदावर आखल्या, आणि नेमका तोच काळ मोठ्या पडद्यांच्या स्वस्ताईचा होता. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, जोडणाऱ्याचा हात लागतो, हजारो वेळा दाबून घेतलेली चाचणी लागते. पडदा एकदाच बसवायचा. पुढचं सगळं आज्ञावलीत लिहिता येतं. बचत इथून आली, आणि ग्राहकाला ती आधुनिकता म्हणून दाखवली गेली.

या बचतीची किंमत कुणी मोजली, हेही नोंदलं गेलं आहे. जर्मनीत कार्ल्सरूहच्या उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका टेस्लाचालकाची शिक्षा कायम केली. भर पावसात पडद्यावर वायपरचा वेग बदलताना त्याची गाडी रस्त्याबाहेर गेली होती. न्यायालयाचं म्हणणं असं, की गाडीत पक्का बसवलेला पडदा हेसुद्धा गाडी चालवताना वापरायचं इलेक्ट्रॉनिक उपकरणच आहे आणि त्याला त्यासंबंधीचे निर्बंध लागू होतात. पावसात वायपरला हात घालणं हे मोबाइल बघण्याच्या पंक्तीत जाऊन बसावं, अशी रचना कुणी केली? विजेने नक्कीच नाही. युरो एनकॅप या युरोपातल्या सुरक्षा-परीक्षण संस्थेने २०२६ पासून असं धोरण आणलं आहे, की इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीचं बटण यांना हाताने जाणवणारे नियंत्रक नसतील, तर गाडीला पूर्ण गुण मिळणार नाहीत. फोक्सवॅगनच्या रचनाप्रमुखांनी २०२५ मध्ये जाहीर सांगितलं, की आवाज, तापमान, पंखा यांची बटणं काढणं ही चूक होती आणि येणाऱ्या गाड्यांत ती परत येतील. येणाऱ्या त्या गाड्या विजेच्याच आहेत. बटणं जाण्याचं कारण वीज असती, तर विजेच्या गाडीत ती परत कशी आली असती?

स्टेपनीबद्दल फार लिहायची गरज नाही. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून मुभा दिली, की ट्यूबलेस टायर, टायरमधल्या हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच असेल तर जादा चाक नसलं तरी चालेल. ती मुभा लहान प्रवासी गाड्यांना आहे. पेट्रोल, डिझेल, वीज असा भेद तिच्यात नाही. बॅटरीने जागा व्यापली म्हणून चाक गेलं, हे काही गाड्यांच्या बाबतीत खरं असेल. पण जागेचा प्रश्न सीएनजीच्या गाड्यांतही होताच. टाटाने २०२३ मध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली घातल्या, स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगली, आणि डिकी मोकळी केली. लोकांनी मागितलं म्हणून हे झालं. पंक्चरच्या संचातलं रसायन टायरच्या बाजूला गेलेला काप बुजवू शकत नाही, आणि आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांच्या कडा टायरच्या बाजूलाच कापतात. जादा चाक मागणं म्हणजे जुन्याचा मोह, असं जे म्हणतात त्यांनी पावसाळ्यात रात्री कोकणातून एकदा यावं.

घाटाच्या गिअरची गोष्ट मात्र सविस्तर बघण्यासारखी आहे, कारण तिथे गेलं असं वाटतं ते गेलेलंच नाही. पेट्रोलची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरते, तेव्हा चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिनातला हवेचा व घर्षणाचा विरोध गाडीला मागे धरतो. उताराची सगळी ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. विजेच्या गाडीत तेच काम मोटर करते. चाकांनी फिरवल्यावर ती जनित्र होते, गाडी धरली जाते आणि बॅटरीत वीज परत येते. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून वाईला येताना आपण सुमारे पावणेसहाशे मीटर खाली येतो. माणसांसकट गाडी १,६०० किलोची धरली, तर या उतारात साठलेली ऊर्जा अडीच युनिट भरते. टायरचा आणि हवेचा विरोध त्यातला काही भाग खातो, थोडी रूपांतरात जाते. तरी उरलेली परत हाती लागते. पेट्रोलच्या गाडीने यातला एक थेंबही कधी टाकीत परत केलेला नाही.

चालकाला चुकल्यासारखं वाटतं ते दुसऱ्याच कारणाने. किती धरायचं हे पूर्वी त्याच्या हातात होतं. टाटाची २०२० ची पहिली इलेक्ट्रिक नेक्सॉन, म्हणजे नेक्सॉन ईव्ही, घ्या. तिच्यात हा धरण्याचा जोर कमीजास्त करायची सोय नव्हती. २०२२ च्या नेक्सॉन ईव्ही मॅक्समध्ये त्याचे स्तर आले, आणि २०२३ मध्ये तो स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी, न बघता, बोटांनी बदलता येऊ लागला. मोटर विजेचीच राहिली आणि घाटातला ताबा परत आला. एक मर्यादा खरी आहे, आणि ती प्रत्येकाला माहीत असलीच पाहिजे. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर तिच्यात परत येणारी वीज घ्यायला जागा नसते; मग मोटरचं धरणं सैल पडतं आणि भार ब्रेकवर येतो. म्हणून डोंगरावर मुक्काम असेल, तर सकाळी शंभर टक्के भरून उतरू नये. शोरूममध्ये गाडी ताब्यात देताना हे किती जणांना सांगितलं जातं?

रेडिओच्या बाबतीत मी पूर्वपक्षाला अर्धं मानतो. मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो, आणि त्यातून उठणारी खरखर मध्यम लहरींच्या पट्ट्यावर पडते. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे, म्हणजे ते नेमकं तिच्या तडाख्यात सापडतं. इथे कारण वीजच. पण वायरींना योग्य आवरण आणि गाळण्या घातल्या की खरखर आवरता येते. अमेरिकेत फोर्डने २०२३ मध्ये नव्या गाड्यांतून मध्यम लहरींचा रेडिओ काढायचं ठरवलं होतं. संकटाच्या वेळी सूचना याच लहरींवरून दूर खेडोपाडी पोचतात, असं लोकप्रतिनिधींनी बजावल्यावर काही आठवड्यांतच कंपनीने निर्णय फिरवला. अशक्य असतं, तर फिरवता आला नसता.

आता जे खरोखर विजेमुळे गेलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर हे खंडन एकांगी होईल. पाच मिनिटांत टाकी भरणं गेलं. रस्त्यात अडकल्यावर डब्यातून इंधन आणणं गेलं. बंद गाडी दोरी लावून ओढत नेणंही गेलं, कारण चाकं फिरली की मोटर वीज करू लागते. म्हणून गाडी सपाट ट्रकवर चढवावी लागते. ज्याच्या सोसायटीत पार्किंगला चार्जिंगची परवानगी मिळत नाही, त्याचं दुःख मोठं आहे आणि त्याला सवयीचा प्रश्न म्हणणं अन्यायाचं आहे. रेंजच्या आकड्याचा भरवसा वाटत नाही, ही तक्रारही खरीच. पण तिचं मूळ फारसं कुणी सांगत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. पेट्रोलच्या नेक्सॉनची टाकी ४४ लिटरची, म्हणजे जवळजवळ चारशे युनिट. पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती. साडेतीन लिटर पेट्रोलपेक्षा कमी. एवढ्याशा ऊर्जेवर ती दोनशेच्या आसपास किलोमीटर जाते. पेट्रोलचं इंजिन बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतं, त्यामुळे एसी, समोरचा वारा, वाढवलेला वेग यांचा खर्च त्या मोठ्या नासाडीत दिसत नाही. विजेच्या गाडीत नासाडी इतकी थोडी, की प्रत्येक खर्च उघडा पडतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. हे पेट्रोलच्या गाडीतही तसंच होतं, फक्त काटा ते तितकं दाखवत नव्हता.

सवयीची हळहळ म्हणणाऱ्या पहिल्या पक्षाला उत्तर इतिहासानेच दिलं आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विजेच्या गाड्या भरपूर होत्या. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत असे. विजेच्या गाडीतून पेट्रोलच्या गाडीत जाणाऱ्याला तेव्हा काय चुकल्यासारखं वाटत होतं? हँडल न मारता, मनगट मोडायची धास्ती न बाळगता गाडी सुरू होणं. त्यावर कुणी सवय करून घ्या म्हटलं असतं, तर आपण आजही हँडल मारत असतो. चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. जे चुकत होतं ते नव्या यंत्रात परत घातलं गेलं.

आवाजाचंही तसंच झालं. इंजिनाची घरघर ही शौकिनांची चैन आहे असं म्हटलं गेलं. पण अंध माणसांसाठी रस्ता ओलांडताना ती माहिती होती. त्यांच्या संघटनांनी पाठपुरावा केला. अमेरिकेत त्यावर २०१० मध्ये कायदा संमत झाला, आणि युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला मंद वेगात आवाज करणं सक्तीचं झालं. आपल्या परिवहन मंत्रालयाने तसा मसुदा २०२५ मध्ये काढला.

बॅटरी महाग, म्हणून काटकसर अटळ, हा एक आक्षेप उरतो. २०१० च्या सुमाराला बॅटरी युनिटमागे हजार डॉलरच्या वर होती. ब्लूमबर्गच्या पाहणीत २०२४ ची सरासरी ११५ डॉलर निघाली. ज्या खर्चाकडे बोट दाखवून बटणं काढली, तो खर्च नऊ-दशांश उतरला. आपल्याकडे ‘भारत एनकॅप’ २०२३ पासून गाड्यांना तारे देतं, आणि त्यात मुख्य भर धडकेतल्या संरक्षणावर आहे. धडक व्हायच्या आधी चालकाची नजर किती सेकंद रस्त्यावरून हटते, यालाही त्यात गुण हवेत. वायपर, हॅझर्ड लाइट आणि पुढची काच पुसणारी हवा या तिन्ही गोष्टी हाताने, न बघता चालू होतात का, हे गाडी घेताना प्रत्येकाने चाचणी-फेरीतच करून पाहावं, आणि होत नसतील तर तसं कंपनीला लेखी कळवावं.