लिहून कोणी दिलं?

कोजागरीला शाळेच्या मैदानावर कार्यक्रम झाला, तुमच्यातले बरेच जण तिथे होतात. मसाला दूध उकळेपर्यंत पोरांची गाणी, नाच चालू होते. त्यात एफवायला असलेल्या एका मुलीने रॅप केला. आठवड्यातून दोनदा येणारं पाणी, कॉलेजला जाणारी सकाळची एसटी, लग्नाचं बघा म्हणून मागे लागलेल्या मावश्या. चार मिनिटांत अख्खं गाव उभं केलं पोरीने. खाली उतरली तेव्हा मी कौतुकानेच विचारलं, "छान केलंस गं. लिहून कोणी दिलं?"

ती म्हणाली, "सर, मीच लिहिलंय." आणि निघून गेली.

तिच्यानंतर एका मुलाने रॅप केला. त्याला हा प्रश्न मी विचारला नाही, दुसऱ्या कोणीही विचारला नाही. त्याचं अर्धं गाणं यूट्यूबवरून उचललेलं होतं हे मागाहून कळलं, तो भाग वेगळा.

माझी मलाच लाज वाटली. पुढे महिनाभराने, ८ नोव्हेंबरला, तिकडे लॉस एंजलिसमध्ये सॉल्ट-एन-पेपा या बायकांच्या रॅप ग्रुपला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने सन्मान दिला. यांची गाणी ज्या कंपनीच्या ताब्यात आहेत तिच्यावर यांनीच त्याच वर्षी दावा लावलेला. त्यांचा इतिहास वाचत बसलो आणि लक्षात आलं, माझा प्रश्न काही माझा नव्हता. चाळीस वर्षं जुना आहे. पोस्ट लांब आहे मंडळी, सवडीने वाचा.

आधी एक गैरसमज बाजूला करू. रॅप ज्याने म्हटला त्यानेच तो लिहिलेला असतो, असा एक दंडक आहे. पण रॅपचं पहिलं मोठं हिट गाणंच त्या दंडकात बसत नाही. १९७९ चं 'रॅपर्स डिलाइट'. ते म्हणणाऱ्या तिघांपैकी बिग बँक हँक हा पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. त्याने ब्राँक्समधल्या ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या रॅपरची वही मागून घेतली आणि तिच्यातल्या ओळी रेकॉर्डवर म्हटल्या. इतक्या जशाच्या तशा, की कॅझने स्वतःच्या टोपणनावाची अक्षरं सुटी करून घातली होती, तीही हँक म्हणून मोकळा झाला! कॅझला ना नाव मिळालं ना पैसे. वीस वर्षांनी डॉक्टर ड्रेचं 'स्टिल डी.आर.ई.' आलं, ते त्याच्यासाठी जे-झीने लिहिलेलं. लोक म्हणाले, वा, काय जोडी आहे. पण लिल किमच्या १९९६ च्या 'हार्ड कोअर'मागे नोटोरियस बी.आय.जी.चा हात होता, हे सांगताना माणसं आजही डोळे मिचकावतात.

रोक्झॅन शांतेचं बघा. १९८४ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीतली १४ वर्षांची पोरगी. कपडे धुवायला निघाली होती म्हणतात, वाटेत मार्ली मार्ल या निर्मात्याने घरी बोलावलं, आणि तिने उभ्या उभ्या 'रोक्झॅन्स रिव्हेंज' रचून म्हटलं. पोरांच्या एका गाण्याला दिलेलं उत्तर होतं ते. त्यातून उत्तर-प्रत्युत्तरांच्या रेकॉर्डची जत्राच भरली. पुढे १९८७ मध्ये तिचं 'हॅव अ नाइस डे' बिग डॅडी केनने लिहून दिलं. आता जिने समोर कागद नसताना अख्खं गाणं रचलं, ती एका गाण्यामुळे लगेच 'लिहून घेणारी' ठरते का? तर ठरते. तिला ठरवलं गेलं.

आता सॉल्ट-एन-पेपा. यांच्या बाबतीत मामला गुंतागुंतीचा आहे, कारण इथे लिहून देणारा खरोखरच होता.

१९८५. शेरिल जेम्स आणि सँड्रा डेंटन या क्वीन्समधल्या कॉलेजच्या मैत्रिणी सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीत फोनवर बोलायच्या कामाला होत्या. तिथेच हर्बी अझोर नावाचा पोरगा होता, शेरिलचा मित्र. तो मीडियाचा कोर्स करत होता, त्याला प्रोजेक्ट म्हणून गाणं रेकॉर्ड करायचं होतं. (आम्हाला डिप्लोमाला प्रोजेक्ट म्हणून बाजार समितीवर फीचर लिहायला लावलं होतं. असो.) त्याने या दोघींना माइकसमोर उभं केलं. 'द शोस्टॉपर' नावाचं ते गाणं रेडिओवर वाजलं आणि शेरिलची सॉल्ट झाली, सँड्राची पेपा. डीजे स्पिंडरेला, म्हणजे डीड्रा रोपर, ही शाळेत असतानाच ग्रुपमध्ये आली.

१९८६ च्या शेवटी पहिला अल्बम आला. गाणी बहुतेक अझोरची, निर्मिती अझोरची, आणि नेक्स्ट प्लेटो या छोट्या लेबलशी झालेला करारसुद्धा अझोरच्या कंपनीमार्फत. या पोरी तेव्हा विशीत होत्या. ही कराराची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिथेच यायचं आहे.

मग 'पुश इट'. सुरुवातीला रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं गाणं होतं ते, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका डीजेने नव्याने मिसळून वाजवलं आणि जगभर गेलं. तुमच्यापैकी निम्म्यांनी ते जाहिरातीत नाहीतर रीलवर ऐकलेलं आहे, नाव माहीत नसेल एवढंच. या गाण्याच्या गीतकारांत आज दोन नावं आहेत. एक हर्बी अझोर. दुसरं कोण असेल? सॉल्ट? पेपा? नाही. रे डेव्हिस! इंग्लंडच्या द किंक्स या रॉक बँडचा गोरा गायक. कारण त्याच्या १९६४ च्या गाण्यातले काही शब्द यात आले आहेत. त्याचा हक्क आहे, मिळाला, चांगलं झालं. पण तो त्या खोलीत नव्हता. ज्या दोघी खोलीत होत्या, ज्यांच्या आवाजामुळे ते गाणं ओळखू येतं, त्यांची नावं त्या रकान्यात नाहीत.

यात पैशाचा हिशेब काय तो समजून घ्या. एका रेकॉर्डवर दोन मालमत्ता असतात. एक गाणं, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी त्याची ध्वनिमुद्रित प्रत, तिला तिकडे मास्टर म्हणतात. गाणं लिहिणाऱ्याचं, मास्टर बहुधा कंपनीचं. म्हणणाऱ्याला करारात जे लिहिलं असेल ते. त्यात अमेरिकेत एक अजब कायदा आहे: साध्या एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, म्हणणाऱ्याला दमडी मिळत नाही. चाळीस वर्षं 'पुश इट' रेडिओवर वाजतंय.

अझोरला खलनायक करायचा माझा इरादा नाही. त्याने खरंच लिहिलं, खरंच मेहनत घेतली, त्याच्याशिवाय हा ग्रुप उभाच राहिला नसता. पण गाणं म्हणजे नुसते शब्द असतात का? पेपाचे केस बहिणीच्या हातून बिघडले, एक बाजू भादरावी लागली, आणि तो तिरपा कट देशभरातल्या पोरींनी उचलला. शब्द कुठे तोडायचा, कुठे हसायचं, कोणाकडे बघून म्हणायचं, हे सगळं त्या दोघींचं. त्यासाठी कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही.

सॉल्टला हे लवकर कळलं असावं. 'ब्लॅक्स मॅजिक' या १९९० च्या अल्बममधलं 'एक्स्प्रेशन' तिने स्वतः लिहिलं आणि निर्मितीही स्वतः केली. ते बिलबोर्डच्या रॅप यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९९३ च्या 'व्हेरी नेसेसरी'मधल्या 'शूप'च्या श्रेयनामावलीत सॉल्ट आणि पेपा दोघींचीही नावं आहेत, आणि तेही प्रचंड चाललं. अल्बमच्या एकट्या अमेरिकेत पन्नास लाखांवर प्रती गेल्या. आणि मग नियतीने टोमणा मारला म्हणा: १९९५ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं ते 'नन ऑफ युवर बिझनेस'साठी. ते लिहिलेलं होतं अझोरने. त्याच रात्री एकटीने रॅप करणाऱ्यांमधलं ग्रॅमी क्वीन लतिफाला मिळालं. तोवर रॅपचं ग्रॅमी ना नुसत्या बायकांच्या ग्रुपला मिळालेलं होतं, ना एकट्या बाईला.

बायकांनी एकत्र येऊन केलेलं कामही या काळात खूप आहे. १९९७ च्या 'लेडीज नाइट' नावाने गाजलेल्या रिमिक्समध्ये पाच जणी आहेत: लिल किम, अँजी मार्टिनेझ, लेफ्ट आय, डा ब्रॅट, मिसी एलियट. पण बाया एकत्र आल्या म्हणजे सगळं गोडीगुलाबीने चालतं असंही नाही. २०१९ मध्ये स्पिंडरेलाने थकलेल्या रॉयल्टीसाठी दावा लावला, तो खुद्द सॉल्ट आणि पेपावर. कागद पक्का नसला की बहिणीही कोर्टात जातात. आपल्याकडच्या सातबाऱ्याच्या भांडणांहून वेगळं काही नाही.

मिसी एलियटचं वेगळं. तिने आधी लेखणी धरली. अलियाचं 'वन इन अ मिलियन', ७०२ चं 'व्हेअर माय गर्ल्स अ‍ॅट' अशी दुसऱ्यांची गाणी लिहिली आणि लिहिणारीचं नाव राखलं. २०१९ मध्ये तिकडच्या गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेली, तिथली पहिली रॅपर बाई. २०२५ मध्ये सॉल्ट-एन-पेपाला सन्मान द्यायला मंचावर तीच होती. स्पिंडरेलाही होती, भांडण मागे टाकून.

आता तो १९८६ चा करार.

अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात एक चांगली तरतूद आहे. तरुणपणी नाइलाजाने हक्क लिहून दिले असतील, तर ३५ वर्षांनी कलाकार ते परत मागू शकतो. सॉल्ट-एन-पेपाने २०२२ मध्ये तशी नोटीस दिली. युनिव्हर्सल म्युझिकने, जिच्याकडे फिरत फिरत ते मास्टर आले आहेत, नकार दिला. गाणी अमेरिकेतल्या स्ट्रीमिंगवरून गायब झाली. मे २०२५ मध्ये दोघी न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात गेल्या. कंपनीचं म्हणणं असं: तुम्ही हक्क परत कसे मागता? तुम्ही ते दिलेच नव्हते. करार झाला अझोरच्या कंपनीत आणि लेबलमध्ये. तुमचे हक्क कधी तुमचे नव्हतेच.

हे वाचून मी थोडा वेळ फोन खाली ठेवला. गाणं लिहिलं नाही म्हणून गीतकार नाही, करार दुसऱ्याच्या नावावर म्हणून मालक नाही. मग त्या रेकॉर्डवर आवाज कोणाचा आहे?

मी वीस वर्षं बातम्या लिहितोय. पहिली सहा-सात वर्षं माझ्या बातमीवर नुसतं 'वार्ताहर' छापून यायचं, मानधन सेंटीमीटरवर. एकदा माझी अख्खी बातमी मुख्य पानावर दुसऱ्याच्या नावाने आली होती. कात्रण अजून आहे, त्यावर माझं नाव मी पेनाने लिहिलंय. कोणाला दाखवत नाही.

आपला कायदा या बाबतीत काही ठिकाणी बरा आहे, हे पोरापोरींनी लक्षात ठेवा. २०१२ ला दुरुस्ती झाली, जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी विषय लावून धरला. त्यामुळे गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा लिहून देऊन टाकता येत नाही, तसं लिहिलं तरी ते चालत नाही. गाणाऱ्यालाही व्यावसायिक वापरात वाटा आहे. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द असले तर मात्र सांभाळा.

हे सगळं आत्ताच सांगायचं कारण, ती कोजागरीची मुलगी परवा ऑफिसात आली. रागावलेली नव्हती. तिचं गाणं रेकॉर्ड करून व्हिडिओ फुकटात करून देतो म्हणून शेजारच्या शहरातला एक स्टुडिओवाला मागे लागलाय. स्टँप पेपर घेऊन आली होती. त्यात ते दोन्ही शब्द होते. गायिकेच्या पुढे तिचं नाव होतं, गीतकाराच्या पुढे स्टुडिओवाल्याचं.

तिने विचारलं, "सर, हे नाव खोडून माझं लिहिलं तर चालेल का?"

मी म्हटलं, खोडू नको. नवीन कागद करायला सांग, सही करायच्या आधी वकिलांना दाखव, आणि तुझ्या वहीतल्या त्या पानाचा आज तारखेसकट फोटो काढून स्वतःलाच मेल कर. वही दाखवली तिने. चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलेली पानं आहेत. मावश्यांचं कडवं आधी बरंच लांब होतं.