जागतिक सुवर्ण २०१० ला, ऑलिम्पिक थेट २०२१ ला : तेजस्विनी सावंतला मध्ये ११ वर्षं का लागली?

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकलं आणि अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात गुलाल उधळला गेला. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं होतं. त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. त्यामुळे सोशल मीडियावर पुढचे काही दिवस स्वप्नील सोडून दुसरा विषय नव्हता.

पण त्याच्या १४ वर्षं आधी कोल्हापूरच्याच एका मुलीनं रायफल नेमबाजीत जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. तेही जागतिक विक्रमाची बरोबरी करून. तिचं नाव तेजस्विनी सावंत.

तिची कारकीर्द पाहिली की एक प्रश्न पडतो. २०१० मध्ये जगात पहिली आलेली खेळाडू २०१२ च्या ऑलिम्पिकला नव्हती. २०१६ लाही नव्हती. ती ऑलिम्पिकला पोहोचली २०२१ मध्ये, वयाच्या चाळिशीत. असं कसं झालं?

उत्तर समजून घ्यायचं तर तिच्या कारकिर्दीचे टप्पे आणि नेमबाजीचे नियम, दोन्ही बघावं लागतं.

सुरुवात कोल्हापुरातून

तेजस्विनीचा जन्म १२ सप्टेंबर १९८० चा, कोल्हापूरचा. वडील रवींद्र सावंत नौदलात अधिकारी होते. कोल्हापूर म्हटलं की आधी तालीम, लाल माती, खासबाग मैदान आणि पेठापेठांतला फुटबॉल डोळ्यांसमोर येतो. रायफल घेऊन तासन् तास एका काळ्या ठिपक्याकडे बघत बसणं हा काही इथला गर्दी खेचणारा खेळ नव्हता.

त्यातून हा खेळ खर्चिक. स्पर्धेची रायफल परदेशी बनावटीची, जाड जॅकेट, पँट आणि बूट खास नेमबाजीचे, आणि सराव करायचा तर प्रत्येक गोळी विकत घ्यायची. अशा काळात कोल्हापुरात प्रशिक्षक जयसिंग कुसाळे यांच्याकडे तेजस्विनीनं नेमबाजीचे धडे घेतले.

पहिला मोठा टप्पा : मेलबर्न २००६

२००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत तेजस्विनी १० मीटर एअर रायफल प्रकारात उतरली. तिथं तिनं दोन सुवर्णपदकं जिंकली. एक वैयक्तिक आणि दुसरं अवनीत कौर सिद्धूसोबत पेअर्समध्ये. तेव्हा ती २५ वर्षांची होती.

१० मीटर एअर रायफल हा ऑलिम्पिकमधला प्रकार. त्यामुळे आता २००८ चं बीजिंग ऑलिम्पिक, असं कुणालाही वाटलं असतं. पण बीजिंगला महिला रायफलमध्ये भारताकडून गेल्या त्या अंजली भागवत आणि अवनीत कौर सिद्धू. मेलबर्नच्या जोडीतली एक ऑलिम्पिकला गेली, दुसरी राहिली.

हळूहळू तेजस्विनीचा भर ५० मीटर रायफलवर गेला. २००९ मध्ये म्युनिकच्या वर्ल्ड कपमध्ये तिनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं.

म्युनिक २०१० : ६०० पैकी ५९७

२०१० च्या सुरुवातीला तेजस्विनीचे वडील गेले. त्याच वर्षी ८ ऑगस्टला म्युनिकच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात उतरली. प्रोन म्हणजे जमिनीवर पालथं झोपून केलेली नेमबाजी.

यात ६० गोळ्या झाडायच्या असतात. प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त १० गुण, म्हणजे एकूण ६००. तेजस्विनीनं मिळवले ५९७. साठ गोळ्यांत गेले फक्त तीन गुण.

हे किती अवघड आहे? क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या की साधारण ५० मीटर होतात. तेवढ्या अंतरावरच्या टार्गेटमधलं दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. म्हणजे सध्याच्या एक रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्म्या व्यासाचं. रायफलला दुर्बीण लावायला परवानगी नाही. रेंज उघड्यावर असते, त्यामुळे वारा फिरला की गोळीही सरकते. अशा स्थितीत एकामागून एक साठ वेळा नेम धरायचा.

५९७ गुणांनी तेजस्विनीनं तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली आणि सुवर्ण जिंकलं. त्याआधी २००६ मध्ये झाग्रेबला अभिनव बिंद्रा आणि मानवजीत सिंग संधू हे नेमबाजीत जागतिक विजेते झाले होते. भारतीय महिलांमध्ये मात्र हा मान पहिल्यांदा तेजस्विनीला मिळाला. पुढच्या वर्षी तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला.

२०१० च्याच ऑक्टोबरमध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाली. तिथं तिनं प्रोनमध्ये वैयक्तिक रौप्य, थ्री पोझिशन पेअर्समध्ये रौप्य आणि प्रोन पेअर्समध्ये कांस्य अशी तीन पदकं घेतली.

मग ऑलिम्पिकचं तिकीट का मिळालं नाही?

याची दोन कारणं समजून घ्यायला हवीत.

पहिलं कारण म्हणजे प्रकार. महिलांची ५० मीटर प्रोन स्पर्धा ऑलिम्पिकमध्ये कधी खेळवलीच गेली नाही. ती जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत असते, राष्ट्रकुलमध्ये होती, पण ऑलिम्पिकच्या यादीत नाही. म्हणजे तेजस्विनी ज्या प्रकारात जगात पहिली आली, त्या प्रकारात ऑलिम्पिकचं दारच नव्हतं.

ऑलिम्पिकला जायचं तर ५० मीटरमध्ये तिच्यापुढे एकच पर्याय होता, थ्री पोझिशन. यात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून अशा तीन स्थितींत नेमबाजी करायची असते. झोपून जमिनीचा आधार मिळतो. उभं राहिल्यावर तीच जड रायफल फक्त शरीराच्या तोलावर धरायची असते. एका स्थितीतला जागतिक दर्जा बाकी दोन स्थितींत आपोआप येत नाही.

दुसरं कारण म्हणजे कोटा. नेमबाजीत ऑलिम्पिकची जागा कमवावी लागते. त्यासाठी ठरलेल्या स्पर्धा असतात आणि तिथं वरच्या क्रमांकावर आलेल्यांना कोटा मिळतो. हा कोटा खेळाडूच्या नव्हे, देशाच्या नावावर जमा होतो. त्यावर कोणाला पाठवायचं हे देशाचा नेमबाजी महासंघ ठरवतो. शिवाय एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त दोनच खेळाडू जाऊ शकतात.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला महिला रायफलमध्ये भारताची एकही खेळाडू नव्हती. २०१६ च्या रिओमध्ये १० मीटर एअर रायफलला भारतीय मुली होत्या, पण महिला थ्री पोझिशनमध्ये पुन्हा कुणीच नव्हतं. म्हणजे तेजस्विनीची जागा दुसऱ्या भारतीय खेळाडूनं घेतली असं तिथं झालं नाही. त्या प्रकारात भारताकडे जागाच नव्हती.

लंडनमध्ये कोल्हापूरचं नाव मात्र होतं. तेजस्विनीचं यश बघून नेमबाजीकडे वळलेली राही सरनोबत २५ मीटर पिस्तूलमध्ये उतरली होती. तेजस्विनीपेक्षा दहा वर्षांनी लहान असलेली राही तिच्या नऊ वर्षं आधी ऑलिम्पियन झाली. पिस्तूलचा तो प्रकार ऑलिम्पिकमध्ये होता, प्रोन नव्हता, हा त्यातला मोठा फरक.

गोल्ड कोस्ट २०१८ : बारा वर्षांनी पुन्हा सुवर्ण

२०१८ पर्यंत तेजस्विनी ३७ वर्षांची झाली होती. भारतीय संघात आता तिच्याहून कितीतरी लहान मुली येत होत्या. गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १२ एप्रिलला तिनं प्रोनमध्ये ६१८.९ गुणांसह रौप्य जिंकलं. (आधीचे ५९७ आणि हे ६१८.९ यांची थेट तुलना करू नका. नंतरच्या नियमात प्रोनमध्ये एका गोळीला १०.९ पर्यंत दशांश गुण मिळतात.)

दुसऱ्या दिवशी थ्री पोझिशनची फायनल होती. यात ४५ गोळ्या असतात आणि शेवटच्या टप्प्यात सगळ्यात मागे असलेला खेळाडू एकेक करून बाहेर पडतो. तेजस्विनीनं ४५७.९ गुण मिळवले. हा राष्ट्रकुल स्पर्धेचा नवा विक्रम होता. दुसरी आली भारताचीच अंजुम मुदगिल, ४५५.७ गुणांसह.

मेलबर्नच्या सुवर्णानंतर बारा वर्षांनी आलेलं हे सुवर्ण. आणि यावेळी प्रकार ऑलिम्पिकमधला होता.

दोहा २०१९ : पदक हुकलं, कोटा मिळाला

२०१८ मध्येच महिलांच्या थ्री पोझिशनचा आंतरराष्ट्रीय नियमही बदलला. आधी पात्रता फेरीत ६० गोळ्या असायच्या, तेव्हा त्या पुरुषांसारख्याच १२० झाल्या. म्हणजे प्रत्येक स्थितीत ४०. वाढत्या वयाच्या खेळाडूसाठी हे दुप्पट काम.

नोव्हेंबर २०१९ मध्ये दोह्यात आशियाई अजिंक्यपद स्पर्धा होती. तेजस्विनीनं १२०० पैकी ११७१ गुण मिळवून फायनल गाठली. फायनलमध्ये ती ४३५.८ गुणांवर चौथी आली. पदक थोडक्यात हुकलं, पण टोकियो ऑलिम्पिकचा कोटा भारताच्या खात्यात आला. ३९ व्या वर्षी.

पुढे कोरोनामुळे ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेलं. वाट आणखी लांबली.

टोकियो २०२१ : अखेर ऑलिम्पियन

३१ जुलै २०२१ ला तेजस्विनी ऑलिम्पिकच्या रेंजवर उतरली. वय ४०. तिचे गुण असे होते : गुडघ्यावर बसून ३८४, झोपून ३९४, उभं राहून ३७६. एकूण ११५४ आणि क्रमांक ३३ वा. फायनल पहिल्या आठ जणींची असते. अंजुम मुदगिल ११६७ गुणांसह १५ वी आली. फायनल दोघींचीही हुकली.

हे आकडे पुन्हा एकदा बघा. तीन स्थितींत सर्वात जास्त गुण झोपून, म्हणजे प्रोनमध्ये. सर्वात कमी उभं राहून. बहुतेक नेमबाजांचं असंच असतं, पण तेजस्विनीच्या बाबतीत हे आकडे जास्त बोलतात. जी तिची जागतिक विजेतेपदाची जागा होती, ती ऑलिम्पिकच्या हिशेबात फक्त एक तृतीयांश मोजली जाते.

ते विक्रम आज कुठे आहेत?

राष्ट्रकुलमधला ४५७.९ चा विक्रम मोडण्याची संधी त्यानंतर कुणाला मिळालीच नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतून नेमबाजी वगळली गेली. २०२६ च्या ग्लासगो स्पर्धेच्या यादीतही ती नाही. राष्ट्रकुलमध्ये तेजस्विनीच्या नावावर सात पदकं आहेत : तीन सुवर्ण, तीन रौप्य, एक कांस्य.

मागून आलेल्यांना काय मिळालं?

राही सरनोबतनं २०१३ मध्ये चांगवॉनला वर्ल्ड कपचं सुवर्ण जिंकलं. २०१८ मध्ये ती आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. टोकियोत राही आणि तेजस्विनी, कोल्हापूरच्या दोघी जणी भारतीय नेमबाजी संघात होत्या.

आणि स्वप्नील? त्याचा प्रकारही ५० मीटर थ्री पोझिशनच. तोही आधी चौथाच आला होता. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत चौथ्या क्रमांकावर राहून त्यानं पॅरिसचा कोटा मिळवला आणि पॅरिसला ४५१.४ गुणांसह कांस्य घेतलं. दोह्यात तेजस्विनी चौथी आली तेव्हा आपल्याकडे ती बातमी ‘पदक हुकलं’ अशी वाचली जाते. नेमबाजीत मात्र तोच चौथा क्रमांक ऑलिम्पिकचं दार उघडू शकतो.

कारकीर्द एका नजरेत

२००६, मेलबर्न राष्ट्रकुल : १० मीटर एअर रायफलमध्ये दोन सुवर्ण
२००९, म्युनिक वर्ल्ड कप : थ्री पोझिशनमध्ये कांस्य
२०१०, म्युनिक जागतिक अजिंक्यपद : प्रोनमध्ये सुवर्ण, ५९७ गुण, जागतिक विक्रमाची बरोबरी
२०१०, दिल्ली राष्ट्रकुल : दोन रौप्य, एक कांस्य
२०११ : अर्जुन पुरस्कार
२०१८, गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल : थ्री पोझिशनमध्ये विक्रमासह सुवर्ण, प्रोनमध्ये रौप्य
२०१९, दोहा : चौथा क्रमांक आणि ऑलिम्पिक कोटा
२०२१, टोकियो : पहिलं ऑलिम्पिक

थोडक्यात काय, तर तेजस्विनी कमी पडली म्हणून ११ वर्षं लागली असं म्हणणं चुकीचं ठरेल. तिचा सर्वोत्तम प्रकार ऑलिम्पिकमध्ये नव्हता. म्हणून तिशीनंतर तिनं दुसऱ्या, जास्त अवघड प्रकारात स्वतःला घडवलं, त्यात राष्ट्रकुल विक्रम केला आणि मग ऑलिम्पिक गाठलं. पुढच्या वेळी कुणी ‘ऑलिम्पिक पदक आहे का?’ एवढ्याच प्रश्नावर खेळाडूला तोलायला लागलं, तर त्याला आधी विचारा : तिचा प्रकार ऑलिम्पिकमध्ये होता का?